विश्लेषण : जुना व्हिडीओ गेम नव्या टीव्हीवर का अडखळतो?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोके खाली येते. आत व्हिडीओ गेम, दोन रिमोट, प्लास्टिकची बंदूक आणि ‘९९९९ इन १’ असे लिहिलेली कॅसेट. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावात नव्वदच्या दशकात लहानाचे मोठे झालेल्यांना हे खोके ओळखायला वेळ लागत नाही. पण घरात आता डबा टीव्ही नाही, भिंतीवर सपाट स्मार्ट टीव्ही आहे. गेम जोडला की कधी चित्रच येत नाही, कधी ते काळे-पांढरे येते आणि कधी बटण दाबल्यावर मारिओ क्षणभराने उडी मारतो. ‘गेम गेला’ म्हणून खोके भंगारात जाते. प्रत्यक्षात अनेकदा गेम शाबूत असतो. जुना गेम आणि नवा टीव्ही यांची भाषा जुळत नाही, एवढेच. ते समजून घेतले तर वस्तू वाचते आणि नको तो खर्चही टळतो.

चित्र बिघडते ते कशामुळे?

त्या काळी घरोघरी दिसणारे बरेचसे गेम म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या. त्याचे चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे, म्हणजे जेमतेम ६१ हजार ठिपक्यांचे. फुल एचडी टीव्हीवर २० लाखांहून अधिक आणि ‘फोर-के’ टीव्हीवर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. लहान चित्र एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणून बसवण्याच्या कामाला ‘अपस्केलिंग’ म्हणतात. प्रत्येक सपाट टीव्ही ते स्वतःच करतो, पण चित्रपट आणि मालिका डोळ्यांसमोर ठेवून.

दुसरी अडचण ओळींची. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ६२५ ओळींचे चित्र दोन हप्त्यांत येई. आधी एक सोडून एक ओळ, मग उरलेल्या ओळी. असे सेकंदाला ५० हप्ते. जुन्या गेममध्ये मात्र प्रत्येक हप्ता त्याच त्या ओळींवर उमटतो, म्हणजे एक हप्ता हेच पूर्ण चित्र असते. पिक्चर ट्यूबला त्याने फरक पडत नसे. नवा टीव्ही त्याला अर्धे चित्र समजतो आणि दोन हप्ते एकत्र करतो. त्यामुळे कडा थरथरतात आणि मार खाल्ल्यावर लुकलुकणारे पात्र पट्टेरी दिसते किंवा गायबच होते.

बटण दाबल्यावर उशीर का होतो?

हे सारे काम करण्यासाठी टीव्ही काही चित्रे थोडा वेळ धरून ठेवतो. सेकंदाला ५० चित्रे, म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. टीव्हीने पाच चित्रे धरून ठेवली तर सेकंदाचा दहावा भाग गेला. मालिका पाहताना हे कळत नाही, कारण आवाजही तेवढाच उशिरा सोडला जातो. खेळताना मात्र तेवढ्यात मारिओ खड्ड्यात पडलेला असतो.

बंदुकीचे दुखणे वेगळेच. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे गणित पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेले आहे. उशिराने चित्र दाखवणाऱ्या सपाट पडद्यावर नेम कितीही अचूक असला तरी बदक पडत नाही. महागडे यंत्र लावूनही ही बंदूक चालत नाही.

पैसे खर्च करण्याआधी काय तपासावे?

पहिले काम अडॅप्टरचे. त्यावरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची बाजू गेमवर लिहिल्याप्रमाणेच हवी, नाहीतर चालू गेम खरोखर जळतो. चित्र काळे-पांढरे असेल तर टीव्हीच्या मेनूत रंगाची पद्धत ‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ अशी बदलून पाहावी. गेम अँटेनाच्या वायरवर चालणारा असेल तर टीव्हीत ‘अ‍ॅनालॉग’ चॅनल शोधण्याची सोय आहे का ते बघावे. पिवळ्या-लाल पिना असतील तर टीव्हीच्या मागे तीन पिनांची जागा किंवा एव्हीचे छोटे गोल छिद्र असू शकते. त्या छिद्राच्या वायरी सगळ्या सारख्या नसतात, टीव्हीसोबत आलेलीच वापरावी. मग टीव्ही ‘गेम मोड’वर ठेवावा आणि चित्र ‘४:३’ करावे. उशीर कमी होतो आणि ताणलेला मारिओ पुन्हा सडपातळ दिसतो. या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही.

एव्हीची सोयच नसेल तर काही शे रुपयांत मिळणारा कन्व्हर्टर लागतो. इथे एक फसगत हमखास होते. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ हे दोन डबे दिसायला जवळपास सारखे, पण काम उलटे. आपल्याला पहिला हवा. त्याने चित्र येते, उशीर मात्र जात नाही.

महागडा अपस्केलर घ्यावा का?

खास जुन्या गेमसाठी बनवलेले अपस्केलर आलेल्या ओळीला अर्धी न समजता पूर्ण समजतात आणि जवळजवळ उशीर न करता चित्र पुढे देतात. मात्र ‘ओएसएससी’ हे नावाजलेले यंत्र मूळ रूपात पिवळी पिन घेतच नाही. नकली फॅमिकॉमसाठी ते मागवणे म्हणजे पैसे पाण्यात. ‘रेट्रोटिंक’ची काही यंत्रे पिवळी पिन घेतात, पण २०२३ मध्ये आलेल्या ‘रेट्रोटिंक फोर-के’ची तेव्हाची किंमत ७५० डॉलर, म्हणजे ६० हजार रुपयांच्या पुढे होती. आयातीचा खर्च निराळा. त्यातून पिवळ्या पिनेतून आलेले रंग मुळातच एकमेकांत मिसळलेले असतात. कोणतेही यंत्र ते पूर्ण सुटे करू शकत नाही. प्लेस्टेशन-२ साठी पाच पिनांची कॉम्पोनंट वायर असेल तर अशा यंत्राचा उपयोग होतो. साध्या कॅसेटच्या गेमसाठी एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग खरा उपाय कोणता?

हे खेळ मोबाइलवरही खेळता येतात, मग एवढी उठाठेव कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नुसता मारिओ हवा असेल तर तो कंपनीच्या नव्या यंत्रांवर अधिकृतपणे मिळतो. पण एकाच पडद्यासमोर दोन रिमोट, बंदूक आणि नावे बदललेल्या खेळांची ती कॅसेट, हा आपल्याकडचा अनुभव कोणतीही कंपनी पुन्हा बाजारात आणणार नाही. त्या मुळातच परवान्याविना केलेल्या नकला होत्या. त्या टिकल्या तर अशा खोक्यांतच टिकतील.

आणि त्यांच्यासाठी सर्वांत चांगला पडदा म्हणजे चालू स्थितीतला डबा टीव्ही. अपस्केलर नको, उशीर नाही, बंदूकही चालते. म्हणून गावात असा टीव्ही चालू असेल तर तो विकण्याची घाई नको आणि तो दुरुस्त करू शकणाऱ्या मेकॅनिकची विद्याही वाया जायला नको. टीव्ही घरी मात्र उघडू नये, पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो.

जालना हा भंगारातून लोखंड घडवणारा जिल्हा. पण पिक्चर ट्यूब त्या भट्टीचे धन नव्हे. तिच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी ट्यूब फोडून काच उकिरड्यावर टाकली की ते शिसे माती-पाण्यात उतरू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीचाही समावेश आहे. टीव्ही खरोखरच निकामी झाला असेल तर तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच जायला हवा. चालू असेल तर त्याची जागा घरात, त्या खोक्याशेजारी आहे.