रॉकेटची ताकद सांध्यात असते

स्टेनलेस स्टीलच्या रॉकेटांविषयी बोलताना आपण इंजिनांविषयी बोलतो, उंचीविषयी बोलतो, स्फोटांच्या चित्रफिती एकमेकांना पाठवतो. दोन पत्र्यांमधल्या सांध्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पोलादी रॉकेटांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास हा बव्हंशी वेल्डिंगचाच इतिहास आहे. पुनर्वापर करता येईल असा प्रक्षेपक उभारण्याचे भारताने ठरवले असताना हा इतिहास आपण नीट वाचायला हवा, असे माझे मत आहे.

सुरुवात अमेरिकेच्या ॲटलासपासून करू. बेल्जियममध्ये जन्मलेले अभियंते कारेल बोसार्ट यांनी कॉन्व्हेअर कंपनीत या क्षेपणास्त्राची रचना केली; त्याचे पहिले उड्डाण १९५७ मध्ये झाले. त्याच्या टाक्यांचा पत्रा सुमारे पाव ते एक मिलिमीटर जाडीचा होता. आतल्या वायूच्या दाबावरच टाकी फुग्यासारखी ताठ राही. दाब गेला की ती स्वतःच्या भाराने कोसळे. मे १९६३ मध्ये व्हँडेनबर्गच्या तळावर तसे घडलेही.

हा पत्रा ३०१ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा होता आणि थंड अवस्थेत लाटून त्याला कमालीचा कणखरपणा आणलेला होता. खरी अडचण इथेच होती. लाटून मिळवलेला कणखरपणा उष्णतेने नाहीसा होतो. म्हणजे वेल्डिंग केले की नेमकी सांध्यालगतची पट्टी मऊ पडणार. यावर उपाय असा निघाला की कडेला कड जोडून केलेल्या सांध्यावर पोलादाची दुसरी पट्टी ठेवायची आणि ती स्पॉट वेल्डिंगने पक्की करायची. स्पॉट वेल्डिंगमध्ये विद्युतप्रवाह क्षणभरच वाहतो, ठिपक्याएवढाच धातू वितळतो आणि आजूबाजूचा पत्रा फारसा तापत नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला गेले ते अशाच सांध्यांच्या भरवशावर.

पुढे बहुतेक मोठ्या रॉकेटांच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या होऊ लागल्या. १९९१ मध्ये ब्रिटनमधील वेल्डिंग संशोधन संस्थेत घर्षणाने धातू ढवळून जोडण्याची पद्धत शोधली गेली. तिच्यात धातू वितळतच नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमला ती फार मानवली. पोलाद मात्र त्याहून पुष्कळ जास्त तापमानाला मऊ होते आणि ढवळणारे अवजार लवकर झिजते. पोलादाची वाट त्यामुळे निराळीच राहिली.

टेक्सासमधील बोका चिका येथे बांधल्या जाणाऱ्या स्टारशिपसाठी स्पेसएक्सने पुन्हा स्टेनलेस स्टील निवडले. कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाला किलोमागे सुमारे १३५ डॉलर आणि स्टीलला सुमारे ३ डॉलर पडतात, असा हिशेब इलॉन मस्क यांनी मांडला होता. पण नऊ मीटर व्यासाचा पहिला नमुना समुद्रकिनारी, उघड्यावर, अनेक लहान पत्रे जोडून बांधला गेला. वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारे वायूचे आवरण वाऱ्याने विस्कटते आणि सांध्यात छिद्रे राहतात, हे कोणताही अनुभवी वेल्डर सांगेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये दाबचाचणीत तो नमुना फुटला आणि त्याचा वरचा घुमट उडून गेला.

त्यानंतर जे घडले ते मला उड्डाणांहून महत्त्वाचे वाटते. सलग पट्टी वाकवून प्रत्येक कडे एकाच उभ्या सांध्याचे करण्यात आले. काम तंबूंच्या आडोशाला गेले. आणि मुद्दाम फोडण्यासाठी लहान टाक्या बांधण्यात आल्या. कक्षेत जाण्यासाठी टाकीने सुमारे ६ बार दाब सोसणे आवश्यक होते. मानवी उड्डाणासाठी त्याच्या १.४ पट, म्हणजे जवळजवळ साडेआठ बार. १० जानेवारी २०२० रोजी पहिली चाचणी टाकी ७.१ बारला फुटली. त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरीने ८.५ बार गाठले. फेब्रुवारीच्या शेवटी एक पूर्ण नमुना तळाच्या वेल्डपाशी फुटला. ऑगस्टमध्ये त्याच मालिकेतील पाचव्या नमुन्याने १५० मीटरची झेप घेतली. यात मला हौसेने केलेले स्फोट दिसत नाहीत. एकेका सांध्याला विचारलेले प्रश्न आणि त्यांची आकड्यांत मिळालेली उत्तरे दिसतात.

हे प्रश्न सोपे नाहीत. स्टेनलेस स्टील साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश उष्णता वाहून नेते आणि तापल्यावर त्याच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. साहजिकच पत्रा वाकतो, पिळतो. ते ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले तर कार्बन क्रोमियमला पकडून स्फटिककणांच्या सीमांवर साचतो आणि तिथला गंजरोध संपतो. म्हणून ३०४एल जातीत कार्बन ०.०३ टक्क्यांपुरता मर्यादित ठेवतात. स्टारशिपनेही पुढे हीच जात स्वीकारली. सांधा थिजताना थोडे फेराइट तयार झाले तर तडे टळतात, जास्त झाले तर उणे १८३ अंशांच्या द्रव ऑक्सिजनपाशी तोच सांधा ठिसूळ होतो. मागच्या बाजूला आरगॉन सोडला नाही तर तिथे खरबरीत ऑक्साइड चढते. एवढे सारे काही मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत घडत असते.

आता आपल्याकडे वळू. भारताला ही विद्या परकी नाही. एलव्हीएम-३ च्या ३.२ मीटर व्यासाच्या घन इंधन मोटरांची आवरणे मॅरेजिंग पोलादाची असतात. ती वेल्ड करून पुढे उष्णता-प्रक्रियेने कणखर करावी लागतात. आपल्या पवईत आणि वालचंदनगरात इस्रोसाठी मोटरांची आवरणे घडली आहेत. तिरुचिरापल्ली येथे १९७५ पासून वेल्डिंग संशोधन संस्था आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपयांच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली. परत येऊन पुन्हा उडणाऱ्या रॉकेटमध्ये प्रत्येक सांधा तापतो, गोठतो, ताणला जातो आणि पुन्हा त्याच चक्रातून जातो. धातू कोणताही निवडला तरी हा प्रश्न सुटत नाही.

यावर आक्षेप येईल की सार्वजनिक पैशाने रॉकेटे फोडता येत नाहीत. आक्षेप रास्त आहे. पण फोडायच्या असतात त्या चाचणी टाक्या. सांध्याची मर्यादा जमिनीवर कळणे हे उड्डाणात कळण्यापेक्षा नेहमीच स्वस्त. असे नमुने लवकर आणि भरपूर फोडावेत, आणि त्यांचे निष्कर्ष शक्य तितके महाविद्यालयांपर्यंत पोहोचावेत, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरी अपेक्षा समाजाकडून आहे. आयटीआयमधला वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आपण ‘पुढे काही जमले नाही’ अशांसाठी राखून ठेवला आहे, आणि धातुशास्त्राच्या कित्येक विद्यार्थ्यांचा हात वेल्डिंगच्या टॉर्चला क्वचितच लागतो. एकाला सांधा घालता येतो पण त्याच्या आत काय घडते हे कोणी शिकवलेले नसते. दुसऱ्याला आत काय घडते ते पाठ असते पण सांधा घालता येत नाही. रॉकेटला या दोघांचे ज्ञान एकत्र लागते, आणि आपली शिक्षणव्यवस्था त्या दोघांना वेगवेगळ्या इमारतींत बसवते.

विद्यार्थ्यांना म्हणूनच एक आग्रहाचे सांगणे आहे. जवळच्या कार्यशाळेत जा, स्टेनलेस स्टीलचे दोन तुकडे जोडायला शिका, मग तो सांधा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पहिला सांधा बहुधा वाईटच निघेल. तो का वाईट निघाला याचे उत्तर शोधू लागलात, की तुम्ही या विज्ञानाच्या आत आलात.