‘खाण तशी माती’ एवढ्यावर भागत नाही



‘व्यसन रक्तातच असते’ हे वाचकपत्र वाचले. ते अर्धेच खरे आहे. दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा, असे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. पण १९७३ साली संशोधक गुडविन यांनी डेन्मार्कमध्ये आई किंवा बाप व्यसनी असलेले, लहानपणीच दत्तक गेलेले मुलगे तपासले. त्यांतले १८ टक्के व्यसनी निघाले, इतर दत्तक मुलांत ५ टक्के. धोका तिपटीहून जास्त खरा, तरी शंभरातले ब्याऐंशी सुटलेच ना!

धोका कोणाला, हे ओळखण्यातही आपण चुकतो. आमच्या भोकरकडे ‘गडी कितीही पिला तरी डोलत नाही’ हे कौतुकाने सांगतात. अमेरिकेत मार्क शुकिट यांनी व्यसनींच्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले, तेव्हा ज्यांना दारू कमी चढते तेच पुढे जास्त अडकलेले दिसले. चढत नाही म्हणून पेला वाढतो. पाठ थोपटायची ती नेमकी चुकीच्या गड्याची.

पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातून माणसे दारू सोडून घरी जातात, जनुके तीच घेऊन. ‘अशा घरात मुलगी देऊ नये’ हा पत्रलेखकाचा सल्ला म्हणूनच पटला नाही. बाप पीत होता एवढ्यावर सोयरीक मोडू नका. मुलगा पितो का, ते विचारा.

– एक वाचक, भोकर (जि. नांदेड)