हॉलने गिळलेली गॅलरी

नवा ब्लॉक घेतला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘सुतार कोण बघितलात?’ मग सुतार येतो, त्याच्यामागून प्लायवुड येतं, सनमायकाच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक येतं आणि रात्रीची जेवणं उरकल्यावर घरातली मंडळी रंगावरून तावातावाने भांडू लागतात. हल्ली सुताराआधी इंटिरियर डिझायनर येते आणि पुस्तकाऐवजी संगणकावरचं चित्र दाखवते, एवढाच काय तो फरक. चित्रातलं घर देखणं असतं, यात शंका नाही. पण त्यात दोरीवर टॉवेल नसतो, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जादा गाद्या नसतात, चपलांचा ढीग नसतो. म्हणजे त्या घरात कुणी राहतच नसतं!

अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, इथे माणसं आली ती सजावटीसाठी नव्हे. आतून कडी लावता येईल अशा एका दारासाठी आली. गिरगाव-परळच्या चाळीत नव्या जोडप्याची काय कुचंबणा होई, ते १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ने सगळ्या महाराष्ट्राला हसवत हसवत दाखवलं, दोनच वर्षांनी तीच गोष्ट ‘पिया का घर’ म्हणून हिंदीत गेली. त्या दारापायी लोकांनी दीड-दीड तासाचा लोकलचा प्रवास पत्करला. आम्हीही १९७८ साली दादर सोडून मुलुंडला आलो, ते याच हिशेबाने.

आणि हाती काय आलं? वन रूम किचन. त्याचा हॉल सकाळी अभ्यासाची खोली, दुपारी आईची निवडणं-टिपणं करायची जागा, संध्याकाळी बैठक आणि रात्री पाच जणांचं शयनगृह. म्हणून दिवाण आला, ज्याच्या पोटात सगळ्यांच्या रजया मावत. म्हणून सोफा-कम-बेड आला, ज्यावर धड बसताही येत नसे आणि झोपताही. माळा आला, त्यावर गणपतीचं मखर आणि जुना पाळणा गेला. गोदरेजचं कपाट तर देव्हाऱ्याच्या खालोखाल मानाचं. ही कपाटं १९२३ पासून बनताहेत, आणि लग्नात आलेलं कपाट नातवाच्या लग्नापर्यंत टिकलेली घरं मला माहीत आहेत. हे सगळं कुणी ‘स्टाइल’ म्हणून केलं नव्हतं. गरजेनेच घर सजवलं होतं म्हणा ना.

या सगळ्या पसाऱ्याला पोटात घेणारी एक जागा होती, ती म्हणजे गॅलरी. तीन-चार फूट रुंद, बस्स. पण तिथे कपडे वाळत, लोणच्याच्या बरण्यांना ऊन मिळे, डालड्याच्या डब्यात तुळस असे, बादली-फडकं असे, मुलांची सायकल असे. घरातली म्हातारी माणसं संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसत आणि खाली कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवत. पहारेकऱ्याचा पगार वाचे, हे वेगळंच.

ही गॅलरी आपण घालवली. एकट्याने नाही, नियमांनी हात दिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मजल्याच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांपर्यंतची गॅलरी चटईक्षेत्र निर्देशांकात धरली जात नसे, आणि परवानगी घेऊन ती बंदिस्तही करता येई. मग काय! बांधकाम व्यावसायिक बाहेरची जागा आत घेऊ लागले आणि आपण ‘हॉल किती मोठा दिसतो’ म्हणून खूश होऊ लागलो. फुलझाडांच्या कट्ट्यांचीही तीच गत. कित्येक ‘फ्लॉवर बेड’मध्ये एक झेंडूसुद्धा उगवला नाही, तिथे थेट पलंग लागला. २०१२ च्या जानेवारीत नियम बदलले. गॅलरी, कट्टे, कोनाडे हे सारं निर्देशांकात मोजलं जाऊ लागलं आणि घरांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र देण्याची सोय झाली. पळवाट बुजली, हे चांगलंच झालं. पण मोजायचंच आहे तर खोलीच मोठी करू, हा विचारही त्यातूनच पक्का झाला. त्यात २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात गॅलरी धरत नाहीत. आपण घर घेताना कार्पेटचा आकडा बघतो. जे आकड्यात नाही त्यासाठी कोण भांडणार?

गॅलरी गेली तरी ओले कपडे काही गेले नाहीत. ते खिडकीबाहेरच्या लोखंडी पिंजऱ्यात गेले. बॉक्स ग्रिल म्हणजे आपल्या गरजेने भिंत फोडून काढलेली वाटच आहे. दिसायला वाईट, आगीच्या वेळी तर जिवावर बेतणारी. पण तिला नावं ठेवण्याआधी घरात दुसरी जागा कुठे ठेवली आहे, हे विचारायला हवं.

सजावटीची परीक्षा आपल्याकडे पाऊस घेतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत हौसेने केलेली भुशाच्या बोर्डाची कपाटं बिस्किटासारखी फुगली. लोखंडी कपाटं आणि जुने सागवानी पाट पुसूनबिसून पुन्हा कामाला लागले. आणि २२ मार्च २०२० ची संध्याकाळ आठवा. टाळ्या-थाळ्या वाजवायला सगळ्यांना गॅलरीत बोलावलं होतं. आमच्या गल्लीत निम्मी मंडळी गजांमधून हात बाहेर काढून थाळी वाजवत होती. पुढच्या महिन्यांत एकाच हॉलमध्ये ऑफिस, शाळा आणि आजोबांच्या बातम्या एकदम चालू लागल्या, तेव्हा ज्यांची गॅलरी शाबूत होती त्यांचा हेवा वाटे.

आज उपनगरांत गल्लोगल्ली पुनर्विकास चालला आहे. आयुष्यात पहिल्यांदाच अनेक मराठी कुटुंबांना, घर बांधलं जाण्याआधी त्याचा नकाशा बघायला मिळतो आहे. मी दोन-तीन नमुना सदनिका बघून आलो. एकीतल्या खोल्यांना दारंच नव्हती आणि पलंग इतका आखूड की माझे पाय बाहेर आले असते. फॉल्स सीलिंगमध्ये दिवे मात्र सतरा. छताचं कौतुक संपल्यावर मी विचारलं, जुलैत चार दिवस ऊन पडत नाही तेव्हा कपडे कुठे? दाखवणारा मुलगा गोंधळला.

आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत एका काकूंनी हेच वास्तुरचनाकारांना विचारलं. ‘ड्रायर घ्या,’ ते म्हणाले. हशा पिकला आणि सभा पार्किंगकडे वळली. तिथे मग दीड तास गेला. काकू खाली बसल्या त्या पुन्हा बोलल्या नाहीत. त्यांचा प्रश्न मी पुढच्या सभेसाठी लेखी दिला आहे, आणि तो पार्किंगच्या आधी घ्यावा, असं चिटणिसांना सांगून ठेवलं आहे.