चौथऱ्यावरून उतरलेले शरीर

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम पुतळा उभा राहतो. त्यात वावगे काही नाही. कल्याण-डोंबिवलीकरांना तर पुतळ्यांचा रास्त अभिमान वाटावा. गेट वे ऑफ इंडियासमोरील, १९६१ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविणारे सदाशिव ऊर्फ भाऊ साठे हे याच परिसरातले. डोंबिवलीत त्यांचे शिल्पालय आहे. मानवी देहाचा इतका कसून अभ्यास केलेला कलावंत आपल्या शेजारी राहून गेला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

परंतु पुतळ्याची एक अट असते. तो माणूस थोर ठरल्यानंतरच उभा राहतो. तेथे देह हे कर्तृत्वाचे वाहन असते. तो दमत नाही, दुखत नाही, आणि त्याला घर नसते. चौथरा हेच त्याचे घर.

आता एक प्रसंग आठवा. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यानजीक शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधील, अद्याप बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ती इमारत बांधणारे मजूर होते, तिथेच संसार मांडलेली त्यांची कुटुंबे होती. या माणसांचे स्मारक करावयाचे झाले, तर चौथऱ्यावर कोणाला उभे करणार? हातात काय देणार? पुतळ्याची भाषा येथे अपुरी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. समकालीन शिल्पकला दुर्बोध म्हणून टाळणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

रेचेल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीने १९९३ साली पूर्व लंडनमधील, पाडावयाच्या एका जुन्या घराच्या आतल्या पोकळीत काँक्रीट भरले आणि नंतर बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरली ती घराच्या आतल्या रिकामेपणाची घनाकृती : दारेखिडक्यांचे, शेगडीच्या कोनाड्यांचे उलटे ठसे घेतलेली. त्याच वर्षी तिला टर्नर पारितोषिक मिळाले आणि जानेवारी १९९४ मध्ये ते शिल्पही पाडण्यात आले! पुनर्विकासासाठी रिकाम्या केलेल्या इमारतीच्या अर्धवट फोडलेल्या भिंतीवर परक्यांच्या स्वयंपाकघराचा रंग पाहिलेल्या डोंबिवलीकराला हे शिल्प समजावून सांगावे लागू नये.

कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो यांनी बेपत्ता झालेल्या स्त्रियांची पादत्राणे भिंतीतील कोनाड्यांत ठेवली आणि त्यांवर प्राण्याच्या पापुद्र्याचे अर्धपारदर्शक आवरण शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने शिवून टाकले. देह कोठेही नाही. परंतु टाके मात्र कातडीला घालतात तसे. आपल्याकडे विवान सुंदरम् यांनी मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका अनामिकाचे वृत्तपत्रीय छायाचित्र घेऊन १९९३ मध्ये स्मारकशिल्प रचले. छायाचित्रावर आणि भोवती खिळे ठोकले. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते यांच्या खाणकामगारांना तर अनेकदा डोकेच नसते, त्या जागी दिवा किंवा अवजार असते. कोळसा हे त्यांचे आवडते माध्यम. गावची शेती गिळली तीही कोळशानेच.

‘यात कौशल्य ते काय? हे तर कोणीही करील’ हा आक्षेप काही वेळा खराही असतो. शिल्पापेक्षा शेजारच्या पाटीवरील मजकूर वजनदार, असे प्रकार प्रदर्शनांतून कमी नाहीत. मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी हा आक्षेप सरसकट घेऊ नये. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या कथासंग्रहाने मराठी कथेच्या केंद्रस्थानी कोणते देह आणि कोणती घरे आणली, ते आपण अभ्यासतोच. कथेच्या बाबतीत आपण मान्य केलेला बदल शिल्पाला नाकारण्याचे कारण काय?

म्हणून यापुढे एखादे असे शिल्प पाहाल, तेव्हा ‘हे कोणासारखे दिसते?’ असे लगेच विचारू नका. ते कशाचे केले आहे, ती वस्तू आधी कोणाच्या घरात होती आणि तिला कोणाचे हात लागले होते, येथून सुरुवात करा.