एक डबा, तीन संगणक

आमच्या एकत्र घरात संगणक एकच. संध्याकाळी त्याच्यापुढे कोण बसणार यावरून रोज वाद, आणि रोज माघार घ्यायची ती माझ्या अकरावीतल्या मुलीनं. "आपा, तुला प्रोजेक्टच तर करायचाय, सकाळी कर ना," असं म्हणून दोघे पुतणे गेम लावून बसायचे. शेवटी धाकट्यानंच तोडगा आणला. "चाची, तीन संगणक नकोत. एकच दणकट घेऊ, त्याचेच तीन करू."

मला ती थाप वाटली. पण कल्पना जुनीच निघाली. अमेरिकेत आयबीएमनं 1967 मध्ये एका मोठ्या यंत्रावर एकाच वेळी चौदा आभासी संगणक चालवले होते. 2016 मध्ये कॅनडातल्या एका यूट्यूब वाहिनीनं एकाच संगणकावर सात जणांना गेम खेळवले. आपल्या नळदुर्गचंच बघा ना, बोरी नदीवरचा बांध एकच, त्यावरून नर आणि मादी हे धबधबे दोन. पाणी मात्र बांधात असावं लागतं!

इथंच खरी मेख आहे. प्रोसेसर आणि रॅम वाटून देता येते, ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. घरगुती कार्ड सहसा एका वेळी एकाच आभासी संगणकाला जोडता येतं. दोघांना एकदम खेळायचं तर कार्डं दोन. मुलांनी आखलेला खर्च ऐकून थोरले दीर म्हणाले, "एवढ्यात तर तीन साधे संगणक येतील." ते चुकीचं बोलले नाहीत.

मग आम्ही गरजेप्रमाणे वाटणी केली. कार्ड एकच, गेमच्या मशीनला, आणि पुतण्यांनी पाळीपाळीनं खेळायचं. 32 जीबी रॅमपैकी 16 गेमला, 8 मुलीला, 4 दिरांच्या दुकानाच्या हिशेबाला, उरलेली सर्व्हरला. अभ्यासाला आणि हिशेबाला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. प्रॉक्समॉक्स ही प्रणाली फुकट मिळते. विंडोजचा परवाना मात्र प्रत्येक मशीनला वेगळा. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप आता मुलीचा पडदा झालाय. गेमसाठी वायफायचा नाद सोडून सरळ केबल ओढली.

कुणी हे करणार असेल तर आधी मदरबोर्डला आयओएमएमयूची सोय आहे का ते दुकानदाराकडून पक्कं करून घ्या, नाहीतर कार्ड आभासी संगणकाला देताच येत नाही. आणि व्हॅलोरंटसारखे काही खेळ आभासी संगणकावर चालूच होत नाहीत. हे कळल्यावर थोरला पुतण्या दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

परवा गेमचं मशीन अडकलं. पोरांनी ते बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि शेजारच्या खोलीत मुलगी पायथॉनचा धडा लिहीत होती, तिला पत्ताही नाही. तिचा पासवर्ड तिच्याजवळ. वीज गेली की मात्र तिन्ही एकदम अंधारात जातात. म्हणून आता यूपीएससाठी पैसे साठवतोय. त्यात पुतण्यांची ईदीही आहे, त्यांनी स्वतःहून दिलेली.