बाळ उघडं ठेवायला घरात पाणी हवं आणि माणूसही

उन्हाळा सुरू झाला की सोलापुरात बाळांच्या जांघा लाल व्हायला लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा कधी 44 अंशांच्या घरात जातो, आणि त्या उकाड्यात रात्री बांधलेलं डायपर सकाळपर्यंत तसंच असतं. आरोग्य सेविका म्हणून माझी सगळी नोकरी शहराच्या पूर्व भागात झाली, विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांत. लसीकरणाच्या दिवशी मांडीला सुई द्यायला बाळाचं डायपर सोडावं, तर आई जवळ सरकून हळूच विचारायची, "सिस्टर, याला काही घरगुती सांगा की."

घरगुती उपाय आहे, आणि फुकटचा आहे. बाळाला उघडं ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा, पंधरा-वीस मिनिटं, जुन्या सुती साडीच्या घडीवर पालथं निजवा आणि समोर बसून राहा. वारा लागू द्या. बाकी सगळी तेलं आणि मलमं यानंतर येतात.

असं का, ते आईला समजावून सांगितलं पाहिजे. नुसता हुकूम देऊन कोणी ऐकत नाही. शू आणि शी एकत्र झाली की शीमधले जंतू शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, तिचा तो गुण अमोनियाने जातो. मग शीबरोबर बाहेर पडलेले पाचक रस कातडीलाच खायला लागतात, आणि ओलसर झालेली कातडी डायपरच्या नुसत्या घासण्यानेही सोलवटते. म्हणून ओलं डायपर दोन-तीन तासांनी बदललं तर एक वेळ चालेल, पण शी झाली की त्या क्षणी बदलायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा त्रास कमी होतो. वरचं खाणं सुरू झाल्यावर, साधारण नवव्या महिन्यापासून, तो वाढतो. जुलाब लागले किंवा अँटिबायोटिक सुरू असलं की हमखास.

पुसताना कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. टिपून घ्या, चोळू नका. सुगंधी वाइप्स आणि साबण त्या दिवसांत बाजूला ठेवा. सोलापूर टॉवेलचं गाव असलं, तरी कोरा टॉवेल बाळाच्या लाल जागेला लावू नका. कित्येक धुण्यांतून मऊ झालेलं कापडच घ्या. जागा पूर्ण कोरडी झाली की खोबरेलाचा हात फिरवा, किंवा झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम जाडसर थापा. पुढच्या वेळी त्यावरची घाण तेवढी टिपायची, खालचा थर खरवडायचा नाही. आजीबाई आईचं दूध लावायला सांगतात, त्यात तथ्य आहे. इराणमधल्या एका अभ्यासात त्याचा गुण सौम्य स्टेरॉइड मलमाइतका दिसला, तर तुर्कस्तानातल्या दुसऱ्या अभ्यासात झिंकचं मलम त्याहून सरस ठरलं. घरात मलम नसेल त्या रात्री दूध लावा आणि वाळू द्या, माझी काही हरकत नाही.

माझी हरकत आहे ती झाडापासून आलं म्हणजे बाधणार नाही या समजुतीला. तंबाखूही झाडाचंच पान आहे. विडी वळता वळता उठून बाळाचं डायपर बदलणाऱ्या आईला मी आधी हात धुवायला लावायची, कारण बोटांवरची ती भुकटी सोललेल्या कातडीला लागते. कडुनिंबाचा कच्चा लेप आग करतो. बाजारातल्या हळदीत काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही. सुवासिक पावडर उडून बाळाच्या छातीत जाते. आणि बोरिक पावडर, जी कॅरमवर टाकायला घरात असते आणि जखम कोरडी करते म्हणून कोणी तरी बाळालाही लावतं, ती सोललेल्या कातडीतून रक्तात उतरते. पूर्वी तिच्यामुळे जगात तान्ही मुलं दगावली आहेत. ती बाळाच्या जवळपासही नको.

त्याहून मला भीती वाटते ती मेडिकलमधून न विचारता आणलेल्या ट्यूबची. गजकर्णासाठी मोठ्यांना मिळणारं मलम, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं, तेच बाळाला लावतात. दोन दिवसांत लाली जाते, आई निश्चिंत होते, आठवड्याने चट्टे दुप्पट होऊन परततात, आणि ट्यूब पुन्हा येते. डायपरच्या आत बंद राहिलेलं हे स्टेरॉइड जास्तच शोषलं जातं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बाळाचा चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, वाढ अडते. अशी कित्येक मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केंद्र सरकारने 2018 साली केला. तरी काउंटरवर "बाळाच्या लालीचं द्या" म्हटलं की ट्यूब पुढे येते. औषध विक्रेत्यांनी हे थांबवलंच पाहिजे. मांडीच्या घड्यांतही लाली असेल, भोवती बारीक लाल पुळ्या असतील, तर ती बहुधा बुरशी असते आणि तिला डॉक्टरांनी दिलेलं वेगळं औषध लागतं. पू, फोड किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नुसती लाली असेल आणि तीन दिवसांत ओसरली नाही, तरी दाखवून घ्या.

हे सगळं मी घराघरांत सांगत असे. एका विडी कामगार मुलीने एकदा मला विचारलं, "सिस्टर, उघडं ठेवीन की. पण शू केली की गोधडी धुवायला पाणी कुठलं? आणि बाळापाशी बसले तर विड्या कोण वळणार?" दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि ते तिच्या एकटीचे नव्हते. उजनीचं पाणी शंभरहून अधिक किलोमीटर पाइपातून येतं, आणि कित्येक वर्षं हे शहर चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर जगलं आहे. पिंपात साठवलेल्या पाण्यातून दिवसाला दहा-बारा लंगोट कोण धुणार? बोअरच्या जड पाण्यात धुतलं तर साबण कापडात राहतो आणि तोच बाळाला चावतो. "आमच्या वेळी कुठे होतं डायपर" असं सुनेला ऐकवणाऱ्या सासवांना माझं एवढंच म्हणणं आहे, की ओला राहिलेला लंगोट कोरड्या डायपरपेक्षा वाईट. डायपर वापरणारी आई आळशी नसते. पैसे वाचवायला ती एकच डायपर रात्रभर पुरवते, दुखणं तिथे सुरू होतं.

आणि वेळ. नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची रजा आहे. विडीची मजुरी हजारावर मिळते, बाई उठली की ती थांबते. घरी विडी वळणाऱ्या बाईलाही बाळंतपणाचा लाभ मिळावा अशी तरतूद 1966 च्या विडी कायद्यातच केलेली होती. ती ज्यांच्यासाठी होती, त्या बायकांना माझ्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकताना मी पाहिलं आहे.

महापालिकेकडे माझं मागणं मोठं नाही. टंचाईत टँकर लावताना तान्ही बाळं असलेल्या घरांची यादी आशाताईंकडून घ्या आणि त्या घरांना आधी पाणी द्या. पूर्व भागातल्या वस्त्यांत सकाळी आठ ते दुपारी दोन चालणारी पाळणाघरं काढा, जिथे पाणी असेल, सावली असेल आणि बाळाला अर्धा तास उघडं ठेवून त्याच्यापाशी बसणारी एक पगारी बाई असेल. प्रसूतिगृहातून घरी जाणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात झिंक मलमाची एक ट्यूब द्या, आणि ती कशी लावायची ते मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू यांपैकी तिच्या भाषेत तिथेच करून दाखवा.