सूर्यावर उडणारी माशी आणि गटारात उतरणारा माणूस

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली अवघ्या २५९ मिलिग्रॅम वजनाचे, चार पंखांचे एक यंत्र केवळ सौरघटांच्या विजेवर, कोणत्याही तारेविना उडवून दाखवले. त्या संशोधनाचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, डोंबिवलीच्या खंबाळपाडा भागात गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेले तीन कामगार गुदमरून मृत्यू पावले. पाठोपाठ १ नोव्हेंबरला कल्याणमधील एका विहिरीत विषारी वायूने पाच बळी घेतले. त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. एकीकडे यंत्राला माशीचे पंख फुटतात आणि दुसरीकडे माणसाला यंत्राचे काम करीत मरावे लागते. या विसंगतीचा जाब कोणी द्यायचा?

पोलादी सांध्यांऐवजी रबरासारख्या मऊ पदार्थाचे, हवेच्या दाबाने हालचाल करणारे यंत्रमानव हे आज विज्ञानाचे मोठे आकर्षण आहे. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी वेलीप्रमाणे टोकाकडून वाढणारी हवेची नळी तयार केली. प्रयोगात ती ७२ मीटरपर्यंत वाढली. वाकड्यातिकड्या, चिखलाने भरलेल्या नळातून कॅमेरा व वायुमापक पुढे नेण्यास असे मऊ शरीर किती सोयीचे! हवेवर चालणाऱ्या अशा अवयवाला विजेची ठिणगी लागत नाही. मिथेन साचलेल्या गटारात हा गुण लहान नव्हे.

यावर विजेची अडचण पुढे केली जाते. भर दुपारी एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे १०० मिलिवॅट ऊन पडते. चांगला सौरघट त्यातून २० मिलिवॅट वीज देतो. हार्वर्डच्या यंत्रालाही उडण्यासाठी उन्हाच्या सुमारे तिप्पट प्रखर प्रकाश लागला होता. तेव्हा सौरघट पाठीवर घेऊन स्वतंत्रपणे फिरणारा मऊ यंत्रमानव अजून बाल्यावस्थेत आहे, आणि गटारात तर सूर्यच नाही, हे खरे. पण गटारातल्या यंत्राने स्वतंत्र का असावे? त्याची नळी वर रस्त्यावर राहू द्यावी. गाडीच्या टपावर एक चौरस मीटरचे सौरफलक भर उन्हात २०० वॅटच्या आसपास वीज देते. त्यावर बॅटरी भरून छोटा हवापंप चालवता येतो. प्रयोगशाळेत जी नाळ उणीव ठरते, ती इथे सोय ठरते.

हे यंत्र उद्याचे आहे, असे कोणी म्हणेल. मग आजच्या यंत्रांचे काय झाले? गाळ शोषणाऱ्या व पाण्याच्या झोताने नळ फोडणाऱ्या गाड्या जुन्याच आहेत. मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ यंत्रमानव केरळात २०१८ सालीच कामाला लागला. माणसाला संरक्षक साधनांविना गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. विज्ञान आहे, कायदा आहे, न्यायनिवाडा आहे. तरीही माणूस खाली उतरतो, कारण ठेकेदाराच्या वहीत रोजंदारीचा माणूस यंत्राच्या भाड्याहून स्वस्त पडतो. ज्या जातींच्या माथी हे काम पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले, त्यांच्या प्राणांचा भाव या समाजाने आधीच पाडून ठेवला आहे.

म्हणून नुसती यंत्रखरेदी पुरेशी नाही. उद्घाटनाचा हार वाळल्यावर यंत्र गोदामात गंजते आणि कामगार पुन्हा चेंबरवर उभा राहतो. यंत्र महापालिकेच्या मालकीचे असावे; ते चालवण्याचे प्रशिक्षण आणि कायम नोकरी आजवर खाली उतरलेल्या कामगारालाच मिळावी; आणि ज्या कामात माणूस उतरवला गेला, त्या ठेक्याचे देयक रोखून मूळ मालकावरही गुन्हा नोंदवावा. पवईच्या आयआयटीत सौरविजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र २०१० पासून आहे. पवई ते डोंबिवली हे अंतर फार नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विज्ञानाने ते ओलांडावे, ही मागणी कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे. सूर्य सर्वांचा आहे, हे वाक्य खंबाळपाड्याच्या चेंबरपाशी खरे ठरेल, तेव्हाच त्याला अर्थ येईल.